गांजा किती काळ टिकतो? देवगिरीच्या वैद्यकापासून मुद्देमालाच्या खोलीपर्यंत

#धागा #इतिहास #मराठवाडा

१/
वाळवलेली वनस्पती किती दिवस आपला गुण राखते, हा प्रश्न वरवर पाहता वैद्याचा किंवा किराणा व्यापाऱ्याचा वाटतो. गांजा आणि भांग यांच्या बाबतीत मात्र याच प्रश्नावर सरकारी महसूल ठरला, एका औषधाची जगभरातील पत घसरली, आणि आज त्याच्या एका पोटप्रश्नावर एखाद्या आरोपीच्या आयुष्यातील दहा वर्षे अवलंबून असतात. छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसराच्या आधाराने हा सातशे वर्षांचा प्रवास पाहू.

२/
आरंभ देवगिरीपासून. तेराव्या शतकात यादवांची ही राजधानी केवळ राजकारणाचे केंद्र नव्हती. महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने ‘हृदयदीपक’ हा निघंटू रचला. बोपदेवाचे वडील केशव हेही वैद्य होते आणि ‘सिद्धमंत्र’ हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे.

३/
या वैद्यकपरंपरेत औषधाच्या ‘वीर्या’ला फार महत्त्व होते. वीर्य म्हणजे द्रव्याची कार्य करण्याची शक्ती. वनस्पती तीच, वजन तेच, रूपही जवळजवळ तेच; पण वीर्य गेले की उरतो तो नुसता पालापाचोळा. त्यामुळे औषध कधी गोळा करावे, कसे वाळवावे आणि कोठे ठेवावे, यांचे नियम वैद्यकग्रंथांनी बारकाईने सांगितले आहेत.

४/
चरकसंहितेच्या कल्पस्थानातील नियम पाहण्यासारखे आहेत. औषधी द्रव्ये योग्य पात्रांत भरावीत. ज्या घरात ती ठेवायची त्याचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, आणि जोराचा वारा आत शिरू नये. आग, पाणी, दमट वाफ, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांपासून ती दूर असावीत. पात्रे नीट झाकून शिंक्यावर टांगावीत. हा उंदरांचा उल्लेख लक्षात ठेवावा, कारण तो धाग्याच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

५/
द्रव्य किती काळ टिकते याची मर्यादा ‘शार्ङ्गधरसंहिता’ सांगते. हा ग्रंथ साधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकातील मानला जातो. त्यानुसार वाळलेली वनस्पती एक वर्षानंतर गुणहीन होऊ लागते. तिचे चूर्ण केले, तर ते दोन महिन्यांतच हीनवीर्य होते. गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात. आसव, धातू आणि रसौषधी मात्र जुनी झाल्यावर अधिक गुणकारी होतात.

६/
अखंड वनस्पतीला एक वर्ष आणि चूर्णाला दोनच महिने, असे का? वस्तू कुटली की तिचा हवेशी आणि उजेडाशी संबंध येणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. ग्रंथकाराने कारण या शब्दांत दिलेले नाही, पण त्याचे निरीक्षण अचूक आहे. मिरीपूड आणि अख्खी मिरी यांतील फरक आजही प्रत्येक स्वयंपाकघरात कळतो.

७/
याच ग्रंथात भांगेचा एक महत्त्वाचा उल्लेख आहे. काही द्रव्ये आधी सर्व शरीरात पसरतात आणि मग पचतात. अशा द्रव्यांना ‘व्यवायी’ म्हणतात. त्याची उदाहरणे म्हणून शार्ङ्गधराने भंगा आणि अहिफेन, म्हणजे भांग आणि अफू, यांची नावे घेतली आहेत. त्या काळच्या वैद्याला ही दोन्ही द्रव्ये ओळखीची होती आणि त्यांच्या कार्याची रीत निराळी आहे हेही त्याने टिपले होते.

८/
पुढचा टप्पा सोळाव्या शतकातील गोव्याचा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही वैद्य म्हणून जात असे. दख्खनची औषधे त्याने जवळून पाहिली होती. त्याच्या ग्रंथात ‘बांग’ या द्रव्याला स्वतंत्र प्रकरण आहे.

९/
वाळलेली पाने कुटून केलेली पूड, तिच्यात सुपारी किंवा मसाल्याचे पदार्थ, साखर घालून केलेला माजून अशा कृतींची ओर्ता माहिती देतो. गुजरातच्या बहादूरशहाविषयी तो एक आठवण सांगतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तान पाहावेसे वाटले की थोडी बांग खाल्ली म्हणजे पुरे, असे तो सुलतान म्हणत असे. एकच वनस्पती पूड, पाक, पेय अशा अनेक रूपांत बाजारात होती, हे यातून दिसते.

१०/
आता खडकी. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या या नगराला शाहजादा औरंगजेबाने दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, औरंगाबाद हे नाव दिले. पुढे सत्ता हाती आल्यावर १६५९ मध्ये त्याने जे आरंभीचे हुकूम काढले, त्यांत साम्राज्यात भांगेच्या लागवडीवर बंदी घालणारा हुकूम होता. बंदीच्या अंमलबजावणीसाठी मुहतसिब नेमले गेले.

११/
इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची याने या बंदीचे वर्णन केले आहे. भांग तयार करण्याची भांडी फोडल्याचे आवाज रोज कानावर पडत, असे तो लिहितो. यात एक व्यावहारिक तथ्य दडलेले आहे. भांग ऐन वेळी वाटून, भिजवून, गाळून प्यायची असते. त्यामुळे कारवाईच्या वेळी हाती लागे ते भांडे. वाळलेला पाला लपवणे सोपे होते. असे हुकूम काढूनही ही सवय संपली नाही, हे पुढच्या दोन शतकांचा इतिहास सांगतो.

१२/
इंग्रजी अमलात प्रश्नाचे स्वरूप बदलले. गांजा, चरस आणि भांग यांवर कर बसवण्यात आला आणि त्यांपासून सरकारला उत्पन्न मिळू लागले. या व्यवहाराला ब्रिटनमधील मद्यपाननिषेधवादी मंडळींचा विरोध होता. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी या विषयावर प्रश्न उपस्थित केला. परिणामी जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला.

१३/
हाच ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, छत्तीसगढचे कमिशनर फ्रेझर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन, तसेच ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंह आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले.

१४/
साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत ७० प्रश्न होते. त्यांतील एक याच विषयाचा होता. चरस, गांजा आणि भांग साठवून ठेवल्यास खराब होतात काय? त्यांचा परिणाम कालांतराने पूर्णपणे नाहीसा होतो काय? साधारण काळजी घेतली तर ते किती दिवस टिकतात? बिघडण्याची कारणे कोणती, आणि ते टाळण्यासाठी काही उपाय आहेत काय? शार्ङ्गधराचा प्रश्न सहाशे वर्षांनी सरकारी कागदावर आला होता.

१५/
उत्तरे देणाऱ्यांत कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वैद्य, शेतकरी, ठेकेदार असे सर्व थरांतील लोक होते. मुदतीबद्दल त्यांच्यात मतभेद असले, तरी सर्वसाधारण सूर असा होता : पहिले वर्ष गांजा चांगला, दुसऱ्या वर्षी उतरता, आणि त्यानंतर जवळजवळ निकामी. कारणे म्हणून ओल आणि हवा यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कोरड्या, बंद जागी ठेवणे हा त्यावरचा उपाय.

१६/
सरकारला याची चिंता का होती, हे समजण्यासाठी गांजा तयार होण्याची रीत पाहावी लागेल. लागवडीतील नर झाडे वेळीच ओळखून उपटून टाकावी लागतात. ती राहिली तर मादी झाडांच्या फुलोऱ्यात बी धरते आणि राळ कमी होते. बंगालमध्ये हे काम करणारे जाणकार वेगळे असत आणि शेतकरी त्यांना त्यासाठी मजुरी देई.

१७/
मग फुलोरे कापून उन्हात सुकवायचे आणि थर लावून पायांनी तुडवायचे. यातून ‘चपटा’ गांजा होई. तुडवण्याऐवजी वळून केलेला तो ‘गोल’ गांजा. काड्या निघून गेल्यावर जो फुलांचा चुरा उरे तो ‘चूर’. बंगालमध्ये या तीन प्रकारांवर कराचे दर वेगवेगळे होते आणि चुऱ्यावर सर्वांत जास्त, कारण त्यात काडीचे वजन नव्हते.

१८/
कर वजनावर, आणि माल मात्र वाळत जाणारा. गोदामात आलेला गांजा महिन्यागणिक हलका होतो. मग कर कोणत्या वजनावर घ्यायचा? आत येतानाच्या की बाहेर जातानाच्या? कमी भरलेले वजन खरोखर वाळण्यामुळे घटले की कोणी चोरले? हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हे प्रश्न रोजचे होते. टिकाऊपणाचा प्रश्न अशा रीतीने महसुलाचा प्रश्न बनला.

१९/
त्या काळचा औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. गोदावरीच्या पलीकडे इंग्रजी अमलाखालचा अहमदनगर जिल्हा, उत्तरेला खानदेश, पूर्वेला वऱ्हाडातील बुलढाणा. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीत अहमदनगरचे स्थान महत्त्वाचे होते. मध्यप्रांतात ही लागवड निमाडातील खांडव्याजवळ एकवटलेली होती. म्हणजे पैठण-गंगापूरच्या माणसाला नदी ओलांडली की दुसरा कायदा आणि दुसरा कर लागू होई.

२०/
अशा सीमेवर माल किती टिकतो याला वेगळेच महत्त्व येते. वर्षभरात उतरणारा माल धरून ठेवता येत नाही. भाव वाढेपर्यंत थांबायचे म्हटले तर माल मरतो. त्यामुळे उत्पादकाला लवकर विकावे लागते, आणि ज्याच्याकडे कोरडे गोदाम आहे त्या घाऊक व्यापाऱ्याचे पारडे जड होते. आयोगालाही इंग्रजी मुलखापुरता विचार करून भागले नाही. संस्थानी मुलूख लक्षात घ्यावा लागला.

२१/
आयोगाचा अहवाल १८९४ मध्ये पूर्ण झाला. माफक सेवनाने जवळजवळ काही अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. लागवड परवान्याने मर्यादित करावी, माल सरकारी देखरेखीच्या गोदामांत ठेवावा आणि तेथून कर घेऊन सोडावा, अशा शिफारशी होत्या.

२२/
टिकाऊपणाच्या याच प्रश्नाने एका औषधाचे भवितव्यही ठरवले. कलकत्त्यातील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावरील निबंध सादर केला आणि युरोपीय डॉक्टरांचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. लवकरच हिंदुस्थानातून गांजा लंडनच्या औषधबाजारात जाऊ लागला. त्याचे अर्क आणि टिंक्चर औषधांच्या दुकानांत मिळू लागले.

२३/
पण डॉक्टरांची एक तक्रार कायम राहिली. एका बाटलीतील दहा थेंबांनी रोगी गुंगतो आणि दुसऱ्या बाटलीतील तितक्याच थेंबांनी काहीच होत नाही. शेतातून बंदरात, जहाजातून लंडनच्या वखारीत आणि तेथून औषधाच्या दुकानात पोहोचेपर्यंत मालाचे वय किती झाले, हे कोणालाच ठाऊक नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत तर अर्काची ताकद कुत्र्यांना पाजून तपासत, कारण रासायनिक कसोटीच उपलब्ध नव्हती.

२४/
अफूची गोष्ट वेगळी होती. अफूतील मॉर्फिन हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले आणि ते पुष्कळ स्थिर आहे. त्यामुळे मात्रा मोजून देता येऊ लागली. गांजाला ही सोय मिळाली नाही. ब्रिटिश औषधकोशातून तो १९३२ मध्ये वगळला गेला आणि अमेरिकेच्या औषधकोशातून १९४२ मध्ये. त्यामागे कायदे आणि नवी औषधे ही कारणे होतीच, पण ताकदीची बेभरवशी अवस्था हेही एक मोठे कारण होते.

२५/
रसायनशास्त्रज्ञांना उत्तर मिळायला वेळ लागला, आणि त्यातही टिकाऊपणाची एक गंमत आहे. केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये चरसातून ‘कॅनॅबिनॉल’ वेगळे केले. बराच काळ हेच नशा आणणारे द्रव्य असावे असे मानले गेले. खरे सक्रिय द्रव्य, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल किंवा टीएचसी, इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशोलम यांनी १९६४ मध्ये शुद्ध रूपात मिळवले.

२६/
मग १८९६ चे कॅनॅबिनॉल काय होते? टीएचसीचा हवेशी संयोग होऊन ते जुने झाले की त्याचे कॅनॅबिनॉल बनते, आणि त्याची नशा फारच क्षीण असते. माल जितका जुना, तितके त्यात कॅनॅबिनॉल अधिक. म्हणजे शास्त्रज्ञांच्या हाती प्रथम लागले ते द्रव्याचे मूळ रूप नव्हते, त्याचे वार्धक्य होते. आयोगापुढील साक्षीदार जे ‘उतरणे’ सांगत होते, त्याचे हे रासायनिक नाव.

२७/
आकडेही आता उपलब्ध आहेत. रॉस आणि एल्सोहली यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंधारात, खोलीच्या साधारण तापमानाला ठेवलेल्या गांजातील टीएचसी पहिल्या वर्षी सुमारे १७ टक्के, दोन वर्षांत २७ टक्के, तीन वर्षांत ३५ टक्के आणि चार वर्षांत ४१ टक्के घटलेले आढळले. त्याआधी, १९७६ मध्ये, फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी या ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण उजेड असल्याचे दाखवले होते.

२८/
येथे १८९३ च्या साक्षी आणि प्रयोगशाळा यांत फरक दिसतो. साक्षीदार दोन-तीन वर्षांत माल निकामी होतो म्हणतात. प्रयोगशाळेत चार वर्षांनीही अर्ध्याहून अधिक टीएचसी शिल्लक राहते. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. त्यांचा गांजा उन्हात वाळवलेला, पायांनी तुडवलेला, पोत्यात भरून बैलगाडीने नेलेला आणि पावसाळ्याची हवा खाल्लेला होता. उष्णता, उजेड, ओल आणि बुरशी हे सर्व एकाच वेळी त्याच्यावर काम करत होते.

२९/
याउलट फार कोरड्या जागी काय होते, याचे उदाहरण चीनच्या तुर्फान भागातील यांगहाई येथील थडग्यांत मिळाले. सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात ७८९ ग्रॅम वनस्पती सापडली. तिची पाने ओळखता येण्याइतकी शाबूत होती आणि रंगही काहीसा हिरवा राहिला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्यात कॅनॅबिनॉल आढळले. रूप टिकले, वीर्य मात्र गेले.

३०/
आता वर्तमानात. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८५ मध्ये ‘एनडीपीएस’ हा केंद्रीय कायदा लागू झाला. या कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या भागावरून केलेली आहे : फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत.

३१/
म्हणजे कायदा टीएचसीची टक्केवारी विचारत नाही. गांजा ताजा असो वा सर्व वीर्य गेलेला, तो गांजाच. कायदा विचारतो ते वजन. १ किलोपर्यंत ‘अल्प’ प्रमाण आणि कमाल एक वर्षाची शिक्षा. २० किलोंपेक्षा अधिक म्हणजे ‘व्यापारी’ प्रमाण : किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, आणि जामीनही अत्यंत अवघड. मधल्या प्रमाणाला कमाल दहा वर्षे.

३२/
ओली वनस्पती वाळताना आपले तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वजन गमावते. समजा, अर्धवट वाळलेला २२ किलो माल पकडला गेला. तो त्याच दिवशी तोलला तर व्यापारी प्रमाण. काही आठवड्यांनी तोलला तर कदाचित १७ किलो. पाने आणि काड्या शेंड्यांपासून वेगळ्या करून तोलला तर आणखी कमी. बंगालच्या गोदामातला जुनाच प्रश्न, पण आता पणाला कर लागलेला नाही. माणसाची किमान दहा वर्षे लागली आहेत.

३३/
म्हणून नमुना केव्हा आणि कसा घ्यावा याचे नियम झाले. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा आणि तोही दोन प्रतींत. प्रयोगशाळेकडे तो ७२ तासांत रवाना व्हावा, अशी सूचना. मराठवाड्यातील नमुन्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर येथे प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, आणि खटल्यांची अपिले १९८१ पासून येथेच कार्यरत असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे येतात.

३४/
उरलेल्या मालाचे काय? खटला वर्षानुवर्षे चालतो आणि पोती मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतात. कायद्यात १९८९ मध्ये ५२-अ हे कलम घातले गेले. चोरीची आणि अदलाबदलीची भीती व साठवणुकीच्या जागेची टंचाई ही कारणे त्या कलमातच नमूद आहेत. दंडाधिकाऱ्यासमोर यादी, छायाचित्रे आणि नमुने घेऊन माल लवकर नष्ट करता येतो, आणि ती यादी व ते नमुने पुरावा मानले जातात.

३५/
तरतूद असूनही अंमल ढिला राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘मोहनलाल’ प्रकरणात जप्त मालाच्या साठवणुकीची दखल घेतली आणि नमुने दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली घेण्याबाबत व माल वेळेत नष्ट करण्याबाबत सविस्तर निर्देश दिले. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांसाठी स्वतंत्र नियम केले.

३६/
त्याच वर्षी मथुरेच्या न्यायालयात पोलिसांनी सांगितले की गोदामातील पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ला. देशभर त्यावर विनोद झाले आणि न्यायालयाने पुरावा मागितला. विनोदापलीकडचा भाग गंभीर आहे. मालच दाखवता आला नाही तर खरा गुन्हेगार सुटू शकतो. आणि मालाची अदलाबदल झाली तर निरपराध माणूस अडकू शकतो. चरकाने झाकलेली पात्रे आणि उंच टांगलेले शिंके सांगितले होते ते औषधाच्या रक्षणासाठी. येथे त्याच शिस्तीची गरज न्यायाला आहे.

३७/
थोडक्यात क्रम असा. वैद्याने वीर्य किती टिकते ते विचारले, कारण रोग्याला गुण यायला हवा होता. महसूल अधिकाऱ्याने वजन किती टिकते ते विचारले, कारण कर बुडता कामा नये. औषधविक्रेत्याला दोन्हींचे उत्तर मिळाले नाही आणि औषध कोशातून गेले. आजच्या न्यायालयाला पुरावा किती टिकतो ते पाहावे लागते. वनस्पती तीच, तिचे वाळणे आणि उतरणेही तेच. तिच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र प्रत्येक वेळी निराळा.

३८/
ज्यांना मूळ साधने पाहायची आहेत त्यांच्यासाठी : १८९४ चा आयोगाचा अहवाल साक्षींच्या खंडांसह नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने सर्वांसाठी खुला केला आहे. आपल्या जिल्ह्यातील किंवा शेजारच्या जिल्ह्यातील साक्षीदारांची उत्तरे त्यात शोधून वाचावीत. टिकाऊपणाच्या प्रश्नापाशी थांबून दोन-चार उत्तरांची तुलना केली, तरी त्या काळची गोदामे, पावसाळे आणि बाजार डोळ्यांपुढे उभे राहतात.

धागा समाप्त.